मिस्त्रींना विचारा : पंच, डाय आणि आपला पावसाळा

मागच्या अंकात गोळ्यांच्या मशीनच्या पंच-डायबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचं दुखणं एकच. मशीनवर सेट व्यवस्थित चालतो, बिघडतो तो कपाटात नाहीतर रस्त्यात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या टूलरूममध्ये मी १९९१ पासून ३१ वर्षं पंच-डाय केले. त्यातली शेवटची बारा वर्षं तपासणीच्या टेबलावर गेली. हा विषय माझ्या जवळचा आहे, म्हणून या महिन्याची सगळी जागा त्यालाच.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डाय म्हणजे मधोमध भोक असलेली जाड पोलादी कडी. भोकात औषधाची पावडर पडते आणि वरचा व खालचा असे दोन पंच ती दाबून गोळी करतात. गोळीवरचं नाव, मधली तोडायची रेघ हे सगळं पंचाच्या टिपेवर, म्हणजे पावडर दाबणाऱ्या टोकावर, उलटं कोरलेलं असतं. पंचाच्या गोल अंगाला बॅरल म्हणतात आणि टिपेच्या उलट टोकाला हेड.

मिस्त्रीकाका, मी कागलकडच्या एका औषध कारखान्यात टूल स्टोअर सांभाळते. पंच धुऊन, तेल लावून, एसी खोलीतल्या स्टीलच्या कपाटात फोमवर ठेवते. तरी जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर काढले की बॅरलवर तपकिरी ठिपके दिसतात. साहेब म्हणतात, तेल कमी पडतंय. माझं चुकतंय कुठं?
*एक स्टोअर सहायक, कागल*

ताई, तेलाचा प्रश्न शेवटी घेऊ. आधी एक गोष्ट सांगतो.

उमेदवारीच्या पहिल्याच पावसाळ्यात मी ३५ स्टेशनचा, म्हणजे ३५ डायच्या मशीनचा, बी-टूलिंगचा सेट पॅक केला. बी आणि डी ही पंचांची ठरलेली मापं. वरचे ३५ पंच, खालचे ३५ पंच, ३५ डाय. दोन आठवड्यांनी पार्टीकडून सेट परत आला. वस्तादांनी एक पंच उचलला आणि खिडकीच्या उजेडात फिरवला. बॅरलवर तपकिरी रंगात एक ठसा उठला होता. बारीक रेघा, मध्ये भोवरा आणि भोवऱ्यातून आडवी गेलेली एक चीर. तशी चीर माझ्या उजव्या अंगठ्यावर आहे, लेथच्या चिपनं कापलेली. वस्ताद काही बोलले नाहीत. माझा हात धरून अंगठा त्या ठशाशेजारी ठेवला, एवढंच. ती शरम अजून माझ्या अंगावर आहे.

घामात मीठ असतं. मिठातला क्लोराइड पोलादाला खातो, आणि वरून तेल लावलं की तो तेलाखाली सुरक्षित बसून खात राहतो. म्हणून पहिली गोष्ट ही बघा, की धुतल्यानंतर आणि तेल लावण्याआधी पंचाला उघडा हात लागतो का? धुवायच्या टाकीतून बाहेर आल्यापासून कपाटात जाईपर्यंत नायट्राइलचे हातमोजे घालूनच काम करायचं. स्टोअरमध्ये येणारे साहेबसुद्धा कौतुकानं पंच हातात घेऊन बघतात. त्यांनाही मोजे द्या.

पण तुमच्या पत्रावरून मला खरा संशय वेगळाच येतो. एसी रात्री बंद करता का? दिवसभर खोली थंड, कपाट थंड, आतला पंच थंड. संध्याकाळी एसी बंद झाला, दार उघडलं, बाहेरची पावसाळी हवा आत आली. आता हिशेब बघा. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर साधारण २५ अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी दव होऊन बसतं. तुमचा पंच २२ अंशांवर आहे. तो घामेजणारच. आपल्याकडं गुळाच्या व्यापाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. शीतगृहातली ढेप पावसाच्या दिवसात बाहेर काढून लगेच पोतं सोडलं की गूळ पाझरतो. व्यापारी पोतं बांधूनच ठेवतो, ढेपेतला गारवा जाऊ देतो, मग सोडतो. पंचाचंही तसंच करा. एसी खोलीतून सेट काढायचा तर बंद पेटीतच काढा आणि पेटी बाहेरच्या हवेइतकी कोमट झाल्यावरच उघडा. तीस किलोच्या पेटीला त्यासाठी चार-पाच तास तरी लागतात.

खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादाचं गंजणं झपाट्यानं वाढतं. कोल्हापूरच्या जुलैत हवा किती ओली असते ते तुम्हाला मी सांगायला नको. एसीच्या भरवशावर राहू नका. हवेतली ओल काढणारा डिह्युमिडिफायर मागा, चोवीस तास चालू ठेवा आणि काटा ५० च्या खाली राहील असं बघा. साहेब ऐकत नसतील तर आर्द्रता मोजणारा, चारपाचशे रुपयांचा एक हायग्रोमीटर कपाटात ठेवा, सकाळी आल्याआल्या आणि निघताना असे दोन आकडे वहीत लिहा. महिनाभराची वही टेबलावर ठेवली की वाद घालावा लागत नाही.

फोम आधी काढून टाका. तो स्पंजासारखा ओल आणि जुनं तेल धरून ठेवतो आणि पंच नेमका त्याच ओलीला टेकून पडलेला असतो. नायलॉन किंवा पॉलीप्रॉपिलीनचे, प्रत्येक पंचाला स्वतंत्र भोक असलेले ट्रे मिळतात, ते घ्या. लाकडी खोके आणि वर्तमानपत्रही नको. लाकडातून आम्लाची वाफ सुटते, कागद हवेतली ओल पितो. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पंचावर कागदाच्या घडीची गंजकी रेघ उठलेली मी पाहिली आहे.

धुण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण कारण तिथंही असू शकतं. नावात हायड्रोक्लोराइड असलेली औषधं, मेटफॉर्मिनच घ्या, चालवल्यावर पंच संध्याकाळपर्यंत तसेच पडू देऊ नका. कोरलेल्या अक्षरांत अडकलेली पावडर ओल ओढते आणि मग जागच्या जागी खड्डा पाडते. गंज पुसता येतो, खड्डा पुसता येत नाही. तो काढायचा तर पॉलिशमध्ये टिपेचं मोजमाप जातं. अल्ट्रासॉनिक टाकीतून काढले की शेवटची धुलाई डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्यानं करा आणि लगेच वाळवा.

वाळवायला कॉम्प्रेसरची हवा मारत असाल तर उद्या सकाळी एक करून बघा. स्वच्छ आरशावर मिनिटभर ती हवा सोडा. आरसा धुरकटला किंवा त्यावर थेंब आले, तर तुम्ही पंच वाळवत नाही, ओला करताय. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीचा ड्रेन रोज सकाळी सोडावाच लागतो, आणि लाइनला ओल पकडणारा फिल्टर लागतो. पंचाच्या चावीची खाच, टिपेवरची अक्षरं आणि रेघ या तीन जागी पाणी लपतं. तिथं आयपीएत, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाचं टोक फिरवा.

आता तेल. थर पातळ आणि सगळीकडं सारखा हवा. औषधाच्या कामाला चालणारं, फूड ग्रेडचंच तेल घ्या, आणि मशीनवर चढवायच्या आधी ते पूर्ण पुसून काढा. राहिलेलं तेल पावडरीत मिसळलं की गोळीवर काळे ठिपके येतात. म्हणजे जास्त तेल हा उपाय नाही, साहेबांना एवढं माझ्या नावानं सांगा. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून परत वापरता येतात. आणि जून ते सप्टेंबर, वापरात नसलेला प्रत्येक सेट महिन्यातून एकदा उघडून बघायचा. तारीख आणि सही त्या सेटच्या कार्डावर.

मिस्त्री, नमस्कार. उद्यमनगरात आमचं छोटं युनिट आहे. २७ स्टेशनचा डी सेट गोव्याला पाठवला. एकेक पंच बबल रॅपमध्ये गुंडाळून थर्मोकोलच्या पेटीत, वर पुठ्ठ्याचं खोकं. पार्टीनं फोटो पाठवले : अकरा पंचांच्या टिपांना खाचा. ते म्हणतात, तुमच्याकडूनच असे निघाले. आम्ही सगळे तपासून पाठवले होते. चूक ट्रान्सपोर्टवाल्याची का आमची?
*एक टूलमेकर, कोल्हापूर*

दादा, तुमची पेटी कमी पडली. ट्रान्सपोर्टवाला पेट्या फेकतो हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. ते धरूनच पॅकिंग करावं लागतं.

वजन बघा. डी-टूलिंगच्या बॅरलचा व्यास एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर. एक पंच साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. असे ५४ म्हणजे चोवीस-पंचवीस किलो. वर २७ डायचे पाच-सहा किलो. हे तीस किलो पोलाद तुम्ही थर्मोकोलवर ठेवलं. निपाणीपर्यंत थर्मोकोल दबला, पुढं घाटाच्या वळणांनी बबल फुटले आणि पंच एकमेकांवर आपटायला मोकळे झाले.

त्या पंचांतला एक हातात घ्या आणि टिपेची कड उजेडात तिरपी धरा. टिपेवरच्या खोलगट भागाला कप म्हणतात. त्या कपाच्या भोवती एक बारीक, चमकणारी सपाट कड दिसेल. तिला आपण लँड म्हणतो. बऱ्याच पंचांवर तिची रुंदी साधारण कागदाच्या जाडीइतकी असते. पंच ५८-६० रॉकवेलला कडक केलेला असला तरी ही कड शेवटी कागदाएवढीच. कडक पंचाच्या हेडनं तिला टोला दिला की ती एकतर तुटते नाहीतर बाहेर वळते. तुटली तर प्रत्येक गोळीच्या काठावर मुरूम. वळली तर जास्त वाईट, कारण टिप आणि डायचं भोक यांच्यात अंतर असतं मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकं. वळलेली कड डायच्या आतून घासत जाते, चरे पाडते, काळी भुकटी सुटते. पंच एक बिघडला आणि डायही गेली.

डोळ्याला न दिसणारी खाच शोधायला वस्तादांनी शिकवलेली एक युक्ती सांगतो. चिमूटभर कापूस सैल करून टिपेच्या कडेवरून हलकेच फिरवायचा. कड निरोगी असेल तर कापूस घसरून जातो. जिथं खाच असेल तिथं एक तंतू अडकतो. मग तिथं भिंग लावायचं. मी शेवटच्या दिवसापर्यंत प्रत्येक निघणाऱ्या पंचावर कापूस फिरवला.

आता पॅकिंग. प्रत्येक टिपेवर प्लास्टिकची टोपी, टिपेच्या आकाराची. टोपी कडेला घट्ट घासून बसत असेल तर ती नको, बॅरलवर बसणारी घ्या. पंच भोकं पाडलेल्या एचडीपीई प्लास्टिकच्या ठोकळ्यात, एकमेकांना कुठंच न टेकणारे. वरचे पंच एका पेटीत, खालचे दुसरीत, डाय तिसरीत. डाय खुंटीवर ओवून, दोन डायच्या मध्ये प्लास्टिकची चकती. कार्बाइडचं अस्तर असलेली डाय असेल तर जास्तच जपा. कार्बाइड झिजत नाही, पण पडलं तर काचेसारखं तडकतं. एक पेटी एका माणसाला कमरेपर्यंत सहज उचलता यावी. जी उचलवत नाही ती माणूस खाली ठेवत नाही, सोडतो.

ठोकळ्याच्या वरच्या झाकणाला आतून घट्ट फोम चालेल, कारण तो पाचसात दिवसांचा प्रवास आहे, कपाटातला मुक्काम नाही. झाकण लावल्यावर पेटी कानाशी धरून हलवा. आत खट् झालं की परत उघडा. एकदाही वाजता कामा नये.

सगळा ठोकळा व्हीसीआयच्या पिशवीत घालायचा. त्या प्लास्टिकमधून गंज रोखणारी वाफ हळूहळू सुटत राहते आणि पोलादावर बसते. पिशवीचं तोंड बंद नसेल तर तिचा काही उपयोग नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, रस्ता कित्येक दिवस बंद राहिला आणि पुण्याकडं निघालेली आमची एक पेटी ट्रकमध्ये तशीच अडकली. ते दिवस मी नीट जेवलो नाही. पाणी ट्रकपर्यंत गेलं नव्हतं, पण हवा तर भिजलेलीच होती. पेटी पोचली, पार्टीनं आमच्या सांगण्यावरून बंदच ठेवली, दुसऱ्या दिवशी उघडली. व्हीसीआय पिशवी, आत सिलिका जेल, प्रत्येक पंचावर तेल. एकाही पंचावर डाग नव्हता.

तावडे हॉटेलला उभं राहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत पेटी टाकणं आता थांबवा. डिकीत खालून पाणी येतं, वर दुसऱ्याच्या बॅगा येतात आणि उतरवणारा क्लीनर कोण ते कुणालाच ठाऊक नसतं. महागडा सेट असेल तर आपला माणूस पाठवा, पेटी त्याच्या पायाशी.

आणि वाद टाळायचा असेल तर पुरावा ठेवा. पॅक करण्याआधी प्रत्येक पंचाची वर्किंग लेंग्थ, म्हणजे कपाच्या तळापासून हेडच्या सपाट भागापर्यंतची लांबी, नंबरनिहाय कागदावर लिहा. टिपांचे जवळून फोटो काढा. ट्रे भरल्यावर एक, पिशवी बंद केल्यावर एक. तपासणीचा तो कागद पेटीत आणि त्याची प्रत पार्टीला मेलवर. पार्टीलाही सांगा, की पेटी उघडताना फोटो काढा. यावेळच्या अकरा पंचांचं नुकसान तुम्ही सोसा, असं मला वाटतं. पार्टीला नवीन पंच नव्या पॅकिंगमध्ये पाठवा. त्या पेटीवरच पुढची ऑर्डर ठरेल.

एचसीएचसीआर, म्हणजे जास्त कार्बन आणि जास्त क्रोमियमच्या, पोलादात १२ टक्के क्रोमियम असतं असं आम्हाला शिकवतात. स्टेनलेस स्टील तर साडेदहा टक्के क्रोमियमपासूनच सुरू होतं. मग त्याच जातीच्या डी२ पोलादाची डाय गंजते कशी?
*डिप्लोमाचा विद्यार्थी, कळंबा*

फार चांगला प्रश्न. क्रोमियम मोकळं असेल तरच ते पोलादाच्या पृष्ठभागावर गंजरोधक पापुद्रा धरतं. डी२ मध्ये कार्बन दीड टक्का असतो, डी३ मध्ये दोनच्या वर. हा कार्बन क्रोमियमला पकडून कार्बाइडचे कडक दाणे करतो. डाय झिजत नाही ती या दाण्यांमुळं, आणि गंजते तीही यांच्यामुळंच, कारण मोकळं क्रोमियम उरतं थोडं. ४४०सी या स्टेनलेस पोलादात १६ ते १८ टक्के क्रोमियम घातलेलं असतं, म्हणून कार्बन एक टक्क्याच्या आसपास असूनही ते बरंच टिकतं. एस७ पोलादात क्रोमियम सव्वातीन टक्के, ओएचएनएस पोलादात अर्धा टक्का. त्यांना तेलाशिवाय एक रात्रही ठेवू नका. आणि पंचावर हार्ड क्रोम केलं की काम संपलं असंही समजू नका. त्या थराला डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतात, ओल त्यातून आत जाते.

पॉलिश आणि दुरुस्तीसाठी पाठवलेले पंच वर्षभरात परत आले नाहीत तर जीएसटी भरावा लागतो, असं आमचे अकाउंटंट म्हणतात. खरं का?
*एक वाचक, इचलकरंजी*

अकाउंटंटना सीजीएसटी कायद्याचं कलम १४३ पुन्हा वाचायला सांगा. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, पाठवलेल्या कच्च्या मालाला एक वर्ष आणि भांडवली वस्तूंना तीन वर्षं अशी मुदत आहे, पण मोल्ड आणि डाय, जिग आणि फिक्स्चर, टूल्स यांना त्या मुदतीतून वगळलेलं आहे. डिलिव्हरी चलन मात्र हवंच. आणि जॉबवर्कसाठी माल दुसऱ्या राज्यात जात असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतं. चलनावर "पंच सेट १ नग" असं लिहू नका. वरचे किती, खालचे किती, डाय किती, सेट नंबर काय, हे लिहा.

आमच्याकडं जुने, झिजलेले सातआठ सेट पडून आहेत. भंगारवाला चांगला भाव देतोय, म्हणतो पोलाद भारी आहे. देऊन टाकावेत का?
*मेंटेनन्स विभागातून, गोकुळ शिरगाव*

तसेच्या तसे अजिबात देऊ नका. तुमच्या दृष्टीनं झिजलेल्या पंचावर अजून कंपनीचं नाव वाचता येतं. तो ज्याच्या हातात जाईल त्याला तुमची गोळी दिसायला हुबेहूब करता येते. आत खडूची भुकटी असली तरी रुग्ण नाव बघून विश्वासानं गिळणार. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम १७-ब प्रमाणे, ज्यानं बनवलं नाही त्याच्या नावावर खपवलेलं औषध बनावट ठरतं. अमेरिकेच्या कायद्यात तर दुसऱ्याचं चिन्ह उमटवून बनावट औषध करण्यासाठी पंच किंवा डाय बनवणं, विकणं, जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे.

आमच्याकडं पद्धत अशी होती. रद्द सेट कुलुपाच्या वेगळ्या पेटीत, चावी एकाच माणसाकडं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी क्वालिटीचा माणूस समोर उभा करून मोजायचे. मग प्रत्येक टिप कटिंग व्हीलवर आडवी कापायची आणि अक्षरांचा तुकडा ग्राइंडरवर सपाट करायचा. नुसतं घासून थांबायचं नाही, खोल कोरलेलं अक्षर वरवर घासल्यावरही तिरप्या उजेडात दिसतं. डाय दाबून दोन तुकडे. ५८ रॉकवेलचं पोलाद कापताना चाक फुटू शकतं, म्हणून गार्ड आणि चष्मा लावूनच. कापल्यावर पुन्हा मोजणी, रजिस्टरला सेट नंबर, नग आणि दोघांच्या सह्या.

तुमच्या सातआठ सेटांची मोजणी आधी करा. आकडा खरेदीच्या बिलाशी जुळतो का बघा. एक पंच जरी कमी भरला, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तो कुठं गेला ते शोधा.